गिनीपिगच्या आतल्या कानातला दाब नेमका कोण सांभाळतो?

निपाणी भागातल्या, शरीरक्रियाशास्त्रात संशोधन करणाऱ्या एका विद्यार्थ्याने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे: "मी गिनीपिगच्या एका कानातली एंडोलिम्फॅटिक सॅक (एंडोलिम्फ या द्रवाच्या पोकळीला जोडलेली छोटी पिशवी) बंद करून हायड्रॉप्स (त्या पोकळीचे फुगणे) तयार करतो आणि काही आठवड्यांनी आतल्या कानातला दाब मोजतो. काचपट्टीवर हायड्रॉप्स स्पष्ट दिसतो, पण दाब मात्र शस्त्रक्रिया न केलेल्या कानाइतकाच येतो. शिवाय एकाच प्राण्यात तासाभरात दाब दीडपट होतो आणि पुन्हा उतरतो. माझे यंत्र चुकते आहे, की आतल्या कानाला दाब सांभाळण्याची काही वेगळी यंत्रणा आहे?"

प्रश्न चांगला आहे आणि त्यात दोन वेगवेगळे प्रश्न गुंतलेले आहेत, म्हणून प्रथम ते सोडवून घेतो. तासाभरात वरखाली होणारा दाब हा बहुतांशी कानाचा प्रश्नच नसतो. तो मेंदूभोवतीच्या द्रवाचा (सीएसएफचा), श्वासाचा आणि डोक्याच्या उंचीचा प्रश्न असतो. हायड्रॉप्स असूनही दाब न वाढणे हा मात्र खरोखर कानाचा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर असे की आतला कान प्रामुख्याने दाब सांभाळत नाही, तो क्षारांचे प्रमाण आणि त्याच्या मागोमाग द्रवाचे आकारमान सांभाळतो. यंत्र चुकत असण्याची शक्यता आहेच, तिच्याकडे मी शेवटी येतो. पण तुम्हाला मिळालेला निकाल केवळ अपेक्षेप्रमाणे नाही म्हणून तो चुकीचा ठरवू नका, अशी माझी पहिली विनंती आहे.

आतल्या कानात दोन द्रव आहेत आणि त्यांचा स्वभाव अगदी निराळा आहे. पेरिलिम्फमध्ये सोडियम जास्त आणि पोटॅशियम कमी असते, म्हणजे ते पेशींबाहेरच्या सर्वसाधारण द्रवासारखेच असते. एंडोलिम्फमध्ये उलट पोटॅशियम लिटरला सुमारे १५० मिलिमोल आणि सोडियम जेमतेम १ मिलिमोलच्या आसपास असते. शिवाय कॉक्लियात, म्हणजे आतल्या कानाच्या ऐकण्याच्या शंखाकृती भागात, त्याचा विद्युत विभव पेरिलिम्फच्या तुलनेत ८० ते ९० मिलिव्होल्टने धन असतो. या दोहोंमध्ये राईसनरचा पडदा आहे, जो अवघ्या दोन पेशींच्या थरांचा आणि अत्यंत लवचीक असतो. आकारमानाचा अंदाज मनात पक्का ठेवा: गिनीपिगच्या कॉक्लियात एंडोलिम्फ दोन मायक्रोलिटरपेक्षाही कमी असते. सुईच्या टोकावरचा थेंबही याहून मोठा असतो, त्यामुळे मोजमापाच्या ओघात आपण आत काय घालतो आणि बाहेर काय सांडतो याला या प्रयोगात फार महत्त्व येते.

आता पेरिलिम्फकडे पाहू. कॉक्लियाच्या तळाच्या वेढ्यात, गोल खिडकीजवळ (मधल्या आणि आतल्या कानामधल्या पडद्याने झाकलेल्या भोकाजवळ), स्कॅला टिंपनी या पेरिलिम्फच्या पोकळीतून एक बारीक हाडी वाहिनी निघते आणि कवटीच्या मागच्या खड्ड्यात सबअ‍ॅरॅक्नॉइड पोकळीला, म्हणजे सीएसएफ असलेल्या पोकळीला, जाऊन मिळते. तिला कॉक्लियर अ‍ॅक्विडक्ट म्हणतात. माणसात ती लांब आणि अरुंद असते, पुष्कळदा तिच्यात विरळ संयोजी ऊती भरलेली असते, आणि तिच्यातून द्रव किती सहज वाहतो हे माणसागणिक बदलते. गिनीपिगमध्ये आणि एकंदर कृंतक (कुरतडणाऱ्या) प्राण्यांत ती आखूड आणि मोकळी असते. त्यामुळे गिनीपिगमध्ये सीएसएफचा दाब वाढला की पेरिलिम्फचा दाब काही सेकंदांत त्याच्या मागोमाग वाढतो आणि उतरला की उतरतो. मांजरांवर १९८० च्या दशकात झालेल्या प्रयोगांत ही वाहिनी मुद्दाम बंद केल्यावरही दोन्ही दाब हळूहळू जुळत असल्याचे दिसले होते, म्हणजे दाब पोहोचण्याच्या इतर, अधिक संथ वाटाही आहेत. पण धडधाकट गिनीपिगच्या बाबतीत मुख्य रस्ता हाच धरून चालावे.

याचा व्यावहारिक अर्थ फार मोठा आहे. तुम्ही गोल खिडकीतून पिपेट आत घालून जो आकडा वाचता तो जवळजवळ संपूर्णपणे सीएसएफच्या दाबाचा आकडा असतो. भूल दिलेल्या गिनीपिगमध्ये तो साधारण २ मिमी पारा, म्हणजे सुमारे २५० ते ३०० पास्कलच्या आसपास असतो. एवढ्या लहान आकड्यापुढे कोणत्या गोष्टी मोठ्या ठरतात ते मोजून पाहा. पाण्याचा एक सेंटिमीटर उंचीचा स्तंभ म्हणजे ९८ पास्कल, सुमारे ०.७४ मिमी पारा. प्राण्याच्या डोक्याखालची घडी एक सेंटिमीटर वरखाली झाली, तर तुमच्या आकड्याचा तिसरा हिस्सा बदलू शकतो, आणि त्यात कानाचा काही दोष नसतो. मान वाकवून धरल्याने गळ्यातल्या शिरा दबल्या तर मेंदूतून रक्त उतरत नाही आणि सीएसएफचा दाब चढतो. आणि सर्वांत फसवी गोष्ट म्हणजे श्वास: भूल खोल होऊन श्वास मंद झाला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड वाढतो, मेंदूतल्या रक्तवाहिन्या फुगतात, कवटीतला दाब वाढतो, आणि तुमच्या कागदावर आतल्या कानाचा दाब वाढल्याची सुंदर, संथ रेषा उमटते. तासाभरात दाब दीडपट होऊन पुन्हा उतरला असे तुम्ही लिहिता तेव्हा माझा पहिला संशय यावरच जातो, विशेषतः तुम्ही भुलीचा पुढचा डोस मध्येच देत असाल तर.

म्हणून माझ्याकडे शिकायला येणाऱ्यांना मी सांगत आलो आहे की श्वासनलिकेत नळी घालून व्हेंटिलेटर लावल्याशिवाय आणि बाहेर पडणाऱ्या हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजल्याशिवाय या प्रयोगाला हात घालू नये. शरीराचे तापमान ३८ अंशांच्या आसपास धरून ठेवणारी गादी हवीच. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत सकाळी प्रयोगशाळेत इतका गारवा असतो की भुलीखालचा लहान प्राणी पाहता पाहता थंड पडतो, आणि त्याचा रक्तदाब व श्वास दोन्ही बदलतात. डोके पकडणारी चौकट एकदा लावली की ती प्रयोग संपेपर्यंत हलवू नये, आणि ट्रान्सड्यूसरचा (दाब मोजणाऱ्या संवेदकाचा) शून्य कानाच्या पातळीवरच घ्यावा.

इथे एक आनुषंगिक गोष्ट सांगतो, कारण ती मला रुग्णांकडूनही आणि विद्यार्थ्यांकडूनही वारंवार विचारली जाते. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर आहे, आणि चोर्ला घाट उतरून गोव्याकडे जाताना कानाला दडे बसतात. मग या उंचीचा आतल्या कानाच्या दाबावर परिणाम होत नाही का? घाटात जाणवतो तो मधल्या कानातल्या हवेचा आणि बाहेरच्या हवेचा फरक असतो, आणि गिळले की युस्टेशियन नळी उघडून तो मिटतो. आतल्या कानातला द्रव बंद हवेसारखा दाबला जात नाही. वातावरणाचा दाब सगळ्या शरीरावर सारखाच पडतो आणि आपण जो आकडा वाचतो तो त्या वातावरणाच्या तुलनेतला असतो. म्हणून तुमच्या प्रयोगशाळेचा आकडा समुद्रकाठच्या शहरातल्या प्रयोगशाळेच्या आकड्याशी थेट ताडून पाहायला हरकत नाही. मात्र मधल्या कानात खरोखरच हवेचा दाब वाढवला किंवा कमी केला, तर खिडक्यांच्या पडद्यांमधून तो पेरिलिम्फपर्यंत पोहोचतो. वाहिनी मोकळी असल्यामुळे द्रव सरकतो आणि काही सेकंदांत दाब पुन्हा मूळ पातळीकडे येतो. बुल्ला (मधल्या कानाभोवतीची हाडाची पोकळ कवटी) उघडून मोजताना हा प्रश्न आपोआपच मिटतो.

आता एंडोलिम्फ. ते सीएसएफमधून येत नाही, आणि ते गाळून तयार झालेला द्रवही नाही. कॉक्लियाच्या बाजूच्या भिंतीतली स्ट्रिया व्हॅस्क्युलॅरिस पोटॅशियम ओढून घेऊन आत सोडते. त्यासाठी सोडियम-पोटॅशियम पंप, एनकेसीसी१ हे क्षार वाहून नेणारे प्रथिन (वाहक) आणि केसीएनक्यू१ व केसीएनई१ या प्रथिनांची मिळून बनलेली आयन-वाहिनी लागते. फ्युरोसेमाइड हे लघवी वाढवणारे औषध दिले की हा वाहक अडतो आणि विभव झपाट्याने खाली येतो, हे तुम्ही स्वतः पाहिले असेल. पाणी या क्षारांच्या मागे जाते. पूर्वी, म्हणजे १९२७ मध्ये गिल्ड यांनी गिनीपिगवरच केलेल्या कामानंतर, अशी समजूत होती की एंडोलिम्फ कॉक्लियात तयार होऊन सॅकच्या दिशेने सतत वाहत जाते आणि तिथे शोषले जाते. नंतर, अतिसूक्ष्म प्रमाणात खुणेचे आयन सोडून आयन-संवेदी इलेक्ट्रोडांनी मोजले गेले, तेव्हा निरोगी कॉक्लियात असा लांबवर जाणारा प्रवाह नगण्य असल्याचे दिसले. क्षारांची देवाणघेवाण जागच्या जागी, आडव्या दिशेने चालते, आणि आकारमान बिघडले तरच सॅकच्या दिशेने किंवा सॅककडून उलट दिशेने द्रव सरकतो. सॅक ही मोरी आहे असे मानण्यापेक्षा ती दुरुस्तीचे काम करणारी जागा आहे असे मानणे वस्तुस्थितीच्या अधिक जवळ जाते.

आकारमान क्षारांवर ठरते याचा सर्वांत स्पष्ट पुरावा मला जनुक बदललेल्या उंदरांमध्ये दिसतो. ज्या उंदरांत एनकेसीसी१ किंवा केसीएनक्यू१ काम करत नाही, त्यांच्यात पोटॅशियम आत सोडलेच जात नाही आणि राईसनरचा पडदा खाली बसून एंडोलिम्फची पोकळी जवळजवळ मिटते. ज्यांच्यात पेंड्रिन हा वाहक नसतो त्यांच्यात याउलट पोकळी अतोनात फुगते. माणसात याच जनुकातल्या दोषामुळे पेंड्रेड सिंड्रोम हा बहिरेपणा आणणारा आनुवंशिक विकार होतो. या दोन्ही टोकांच्या उदाहरणांत कोणी बाहेरून दाब वाढवलेला किंवा कमी केलेला नाही. केवळ क्षारांची वाहतूक बिघडली आणि आकारमान त्याच्यामागे गेले.

मग हायड्रॉप्समध्ये दाब का वाढत नाही? १९६५ मध्ये किमुरा आणि शुक्नेख्त यांनी गिनीपिगची सॅक बंद करून हायड्रॉप्स निर्माण करता येतो हे दाखवले, आणि तुम्ही करता ती शस्त्रक्रिया त्याच परंपरेतली आहे. त्यानंतर अनेकांनी साहजिकच असे गृहीत धरले की पोकळी फुगली आहे म्हणजे आत दाब वाढलेला असलाच पाहिजे. पण अर्धी भरलेली दुधाची पिशवी हातात धरून पाहा: तिच्यात आणखी थोडे दूध ओतले तरी ती फक्त गोल होते, ताठ होत नाही, ताठ व्हायला ती पुरती भरावी लागते. राईसनरचा पडदा असाच सैलसर आणि ताणला जाणारा आहे, आणि हायड्रॉप्स आठवड्या-आठवड्यांनी हळूहळू वाढत असल्यामुळे पडदा ताणला जाता जाता वाढतोही. परिणामी आकारमान दुपटीकडे गेले तरी दोन द्रवांच्या दाबांतला फरक फारच थोडा राहतो. १९९० च्या आसपास बोमर आणि इतर संशोधकांनी गिनीपिगमध्ये दोन्ही द्रवांत एकाच वेळी पिपेट घालून मोजले, तेव्हा निरोगी कानात दोन्ही दाब सारखेच निघाले, आणि हायड्रॉप्स झालेल्या कानात जो फरक दिसला तो अर्ध्या मिलिमीटर पाऱ्याच्या आतबाहेरचा, आणि तोही प्रत्येक प्राण्यात नव्हता. हा अर्ध्या मिलिमीटरचा फरक ज्याच्या दोन्ही बाजूंमध्ये पडतो त्या पडद्याच्या दृष्टीने महत्त्वाचा असू शकेल. पण तुमच्या एका पिपेटच्या मोजमापात तो सीएसएफच्या चढउतारांत हरवून जाणार, हे उघड आहे.

आणखी एक बाब लक्षात घ्या, जी तुमच्या प्रयोगाच्या रचनेलाच भिडते. दुसरा कान तुम्ही तुलनेसाठी घेता. पेरिलिम्फच्या बाबतीत दोन्ही कान एकाच सीएसएफशी जोडलेले आहेत, त्यामुळे दोन्हीकडे सारखा दाब येणे ही गोष्ट मोजण्याआधीच सांगता आली असती. दोन्ही कानांत सारखा आकडा आला याचा अर्थ "हायड्रॉप्सचा दाबावर परिणाम नाही" असा होत नाही. त्याचा अर्थ इतकाच की तुमचे मोजमाप सुसंगत आहे. खरी तुलना हवी असेल तर ती एकाच कानात, एकाच क्षणी, एंडोलिम्फ आणि पेरिलिम्फ यांच्यातच करावी लागेल.

इथवर आलो आहोत तर एकदा मागे वळून पाहतो: पेरिलिम्फचा दाब कवटीतून येतो, एंडोलिम्फचे आकारमान क्षारांच्या वाहतुकीवर ठरते, आणि मधला पडदा इतका मऊ आहे की एंडोलिम्फचा दाबही शेवटी पेरिलिम्फच्या, म्हणजे कवटीच्याच, दाबाला जाऊन टेकतो. हे तिन्ही दुवे धरले की तुमच्या दोन्ही निरीक्षणांत काहीही विसंगत उरत नाही.

आता यंत्राविषयी, कारण ही शंकाही रास्त आहे. तुम्ही सर्वो-नल पद्धत वापरत असाल असे धरतो. तिच्यात काही मायक्रॉन टोकाच्या काचेच्या पिपेटमध्ये तीव्र मिठाचे द्रावण भरलेले असते. बाहेरच्या द्रवाने ते आत ढकलले की टोकाचा विद्युतरोध वाढतो, आणि यंत्र उलटा दाब देऊन ती सीमारेषा जागेवर आणते. तो उलटा दाब म्हणजेच तुमचा आकडा. यातली गोम अशी की टोकाला ऊतीचा कण अडकला तरी विद्युतरोध वाढतो, आणि यंत्र त्याला दाब समजून जोर वाढवत राहते. तेव्हा आकडा खोटा तर येतोच, शिवाय तीव्र मीठ दोन मायक्रोलिटरच्या आतल्या त्या पोकळीत शिरते आणि पुढचे सगळे मोजमाप निरुपयोगी होते. पावसाळ्यात, विशेषतः खानापूरकडच्या दमट हवेत, पिपेटच्या धारकावर ओल साचून विद्युतरोधाची वाचने डळमळतात. धारक कोरडा ठेवणे आणि वीजपुरवठा स्थिर ठेवणे या दोन गोष्टी क्षुल्लक वाटल्या तरी त्यांच्याविना पुढचे काही खरे नाही.

तपासण्याची माझी रीत अशी आहे. आत शिरण्याआधी टोक त्या जागेवरच्या द्रवाच्या पृष्ठभागाला टेकवून शून्य घ्यावा, आणि बाहेर काढल्यावर पुन्हा तिथेच शून्य पाहावा; दोन्हींत फरक असेल तर मधली सगळी नोंद बाजूला ठेवावी. आत गेल्यावर रेषेवर श्वासाच्या लाटा आणि त्यांच्यावर नाडीचे बारीक कंप दिसलेच पाहिजेत. ते दिसत नसतील आणि रेषा गुळगुळीत असेल, तर एकतर टोक अडले आहे किंवा भोक टोकापेक्षा मोठे झाल्यामुळे द्रव बाहेर पाझरतो आहे. यानंतर गळ्याच्या शिरांवर क्षणभर हलका दाब द्यावा: पेरिलिम्फचा आकडा लगेच चढून सोडताच उतरला, तर मार्ग मोकळा आहे आणि तुमचे मोजमाप विश्वासार्ह आहे. एंडोलिम्फमध्ये आपण खरोखर आहोत याची खात्री मात्र केवळ दाबावरून होऊ शकत नाही. तिथे धन ८० मिलिव्होल्टच्या आसपासचा विभव दिसणे ही खूण हवी. हायड्रॉप्समध्ये हा विभव थोडा उतरलेला असू शकतो, हेही ध्यानात ठेवा.

पाझर या गोष्टीकडे फार बारकाईने पाहा. तळाच्या वेढ्याला भोक पडून ते बंद झाले नाही, तर कवटीतला द्रव मोकळ्या वाहिनीतून कॉक्लियात उतरतो आणि स्कॅला टिंपनी धुऊन त्या भोकातून बाहेर पडतो. दाब तर कोसळतोच, पण पेरिलिम्फची रासायनिक घडणही बदलते. तुम्ही त्याच प्राण्यातून नंतर पेरिलिम्फचा नमुना घेणार असाल, तर तो नमुना पुष्कळ अंशी सीएसएफचाच असेल. भोवतीची जागा कोरडी करून पिपेट चिकटद्रव्याने बसवणे हे वेळखाऊ काम आहे, पण ते टाळू नये.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत आणि त्यांचे एकच उत्तर देणे योग्य नाही. हायड्रॉप्स किती आठवड्यांचा आहे, शस्त्रक्रियेत ड्युराला (मेंदूच्या बाहेरच्या आवरणाला) इजा होऊन सीएसएफ पाझरला होता का, प्राण्याचे वय काय, भूल कोणती, यांनी आकडे बदलतात. तुमच्याकडे दोन पिपेटांची सोय नसेल तर दाबाचा फरक मोजण्याचा हट्ट मी धरणार नाही. त्याऐवजी तुम्ही दाबाला दिलेला प्रतिसाद मोजू शकता: सीएसएफचा दाब ठरावीक प्रमाणात वाढवून आतल्या कानाचा दाब किती वेळात स्थिरावतो, आणि हायड्रॉप्स झालेल्या कानात तो वेळ बदलतो का. या प्रश्नाला एकाच पिपेटने उत्तर देता येते, आणि भुलीमुळे येणारा संथ चढउतार त्यात फारसा आड येत नाही, कारण तुम्ही काही सेकंदांतला बदल पाहत असता. त्याच प्राण्यात विभव आणि कमी वारंवारतेच्या आवाजांची ऐकण्याची पातळीही नोंदवता आली तर उत्तमच, कारण हायड्रॉप्समध्ये सुरुवातीचे नुकसान तिथे दिसते.

रचना बदलणार असाल तर संस्थेच्या प्राणी-नीती समितीकडे सुधारित प्रस्ताव आधी द्या. सीएसएफमध्ये सुई घालणे ही नवी कृती आहे आणि ती जुन्या मंजुरीत बसत नाही. त्या प्रस्तावात प्राण्यांची संख्या ठरवताना श्वास नियंत्रित न करता घेतलेल्या नोंदी पायाभूत धरू नका, कारण त्यांतला चढउतार कानाचा नसल्यामुळे तुम्हाला गरजेपेक्षा कितीतरी जास्त प्राणी लागतील असा हिशेब निघेल. थोड्या प्राण्यांवर, पण श्वास, तापमान आणि डोक्याची पातळी पक्की धरून, आधी प्राथमिक नोंदी घ्या आणि त्यांवरून संख्या काढा.

शेवटी तुमच्या मार्गदर्शकांनी विचारलेला मुद्दा, की हे मेनिएरच्या (हायड्रॉप्सशी जोडलेल्या, चक्कर आणि बहिरेपणा आणणाऱ्या कानाच्या आजाराच्या) रुग्णांना कितपत लागू पडते. हॉलपाइक आणि केर्न्स यांनी, आणि जपानमध्ये यामाकावा यांनी, १९३८ मध्ये रुग्णांच्या कानाच्या हाडांत हायड्रॉप्स दाखवला, तेव्हापासून फुगलेली पोकळी म्हणजे वाढलेला दाब हे समीकरण वैद्यकात रुजलेले आहे, आणि बेळगावात माझ्याकडे चक्कर घेऊन येणारे रुग्णही "कानात प्रेशर वाढलंय" असेच सांगतात. त्यांना जाणवणारा कानाचा जडपणा खरा असतो, पण त्यावरून आत मोजण्याजोगा दाब वाढला आहे असे गिनीपिगवरचे काम सांगत नाही. माणसाची वाहिनी अरुंद असल्यामुळे त्याचा कान कवटीच्या दाबापासून गिनीपिगपेक्षा अधिक अलग असतो, म्हणून तुमच्या प्रबंधात पेरिलिम्फविषयीचे निष्कर्ष थेट माणसाला लावू नका. एंडोलिम्फमधल्या क्षारांच्या वाहतुकीविषयीचे निष्कर्ष मात्र बऱ्याच अधिक विश्वासाने लावता येतील, कारण ते वाहक आणि त्या आयन-वाहिन्या दोघांत एकाच जातीच्या आहेत.